मदत हवी आहे: आईच्या जेवणातलं ओलं खोबरं किती कमी करू?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. गेल्या महिन्यात एलडीएल (रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल) १६२ आलं. डॉक्टरांनी खोबरं कमी करा म्हटलं, किती ते सांगितलं नाही. आमच्याकडे रोज अर्धा नारळ खवला जातो: भाजीवर, आमटीच्या वाटपात, सोलकढीत. खवताना पहिली चिमूट आई तोंडात टाकतेच. आता ती खवणीसमोर नुसती बसून राहते, बघवत नाही.

मी वाचलंय ते असं: १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम चरबी, त्यातली बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणारी), पण ९ ग्रॅम तंतूही (फायबर) असतात. सोलकढीसाठी रस पिळला की चरबी रसात उतरते आणि तंतू चोथ्यात राहतात. म्हणून सोलकढी बंद करून भाजीवर चमचाभर खोबरं ठेवावं, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

शेंगदाणे, बदाम, अक्रोड यांची चरबी मुख्यतः असंपृक्त. पण कच्च्या दाण्यांनी तिला पित्त होतं. भिजवून कुणी देतं का? रोज किती? आणि वाटपात खोबऱ्याऐवजी काय घालता? कुणी आहारतज्ज्ञ असतील तर कृपया नक्की सांगा.