मदत हवी आहे: राजहंसाच्या गोष्टीला जोड म्हणून मराठी लोककथा

सांगलीत सहावीच्या मुलांबरोबर गोष्टींवर गप्पांचा तास घ्यायचाय. प्रश्न असा: आपण घडतो ते स्वतःवरच्या विश्वासाने की आपली माणसं भेटल्यावर? डॅनिश लेखक अँडरसनच्या १८४३ च्या कथेत कुरूप पिल्लू भीत भीत हंसांकडे जातं, तिथे पाण्यात स्वतःला पाहतं आणि हंस त्याला जवळ घेतात. आपल्या शेटफळेच्या गदिमांच्या ‘एका तळ्यात होती’ या गाण्यात मात्र ते एकटंच पाण्यात बघून ओळखतं. (मला गाणंच जास्त पटतं, पण मुलं भांडू देत!)

जोडीला मराठी लोककथा हवी. भोपळ्यातली म्हातारी घेऊन पाहिली. ती चतुराईने सुटते, बदलत कुणीच नाही. चिऊ-काऊचंही तेच. शाप-वरदान नको, दहा मिनिटांत वाचून व्हावी, माणदेशातली असेल तर उत्तमच. सोबत्यांनी आपलं म्हटल्यामुळेच कुणी बदलतं, अशी कोणती गोष्ट तुम्ही घरी ऐकली आहे?