डॉल्फिन दाखवा, पण पाठलाग कशाला?

खाडीकाठ:
मागच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन मालवणच्या बाजूला डॉल्फिन बघायला गेले होते. सकाळी साडेसातची वेळ, पाणी निवांत. एका होडीवाल्याला पाठ दिसली, त्याने फोन फिरवला आणि दहा मिनिटांत सात होड्या जमल्या. मधे एक मादी आणि तिला चिकटून पिल्लू. ती श्वास घ्यायला वर आली की सातही इंजिनं तिच्या रोखाने. तिसऱ्यांदा बुडाली ती पार लांब, खोल पाण्याकडे वर आली. पिल्लू मला परत दिसलं नाही. होडीतली मंडळी खूश होती. मला घरी आल्यावरही चैन पडेना.

हे हंपबॅक डॉल्फिन. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं हेच त्यांचं घर, तिथेच खातात, तिथेच पिल्लं वाढवतात. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांची भिस्त. शीळ घालून एकमेकांना हाक मारायची, टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधायचा. त्या गोंगाटात मायलेकरांनी एकमेकांना ओळखायचं कसं?

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला आणि काही दिवस जहाजांची ये-जा एकदम घटली. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला. तिथे राइट व्हेल या जातीच्या देवमाशांची विष्ठा तपासण्याचं काम आधीपासून चालू होतं. त्या दिवसांतल्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण कमी निघालं. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे एरवी ते जीव कायमच ताणाखाली होते.

माझं म्हणणं एवढंच: एका वेळी दोन होड्या, आणि लांबूनच इंजिन बंद.

दर्यावर्दी:
ताई, आमच्या पोटावर पाय देऊ नका. पावसाळ्यात होडी वर ओढलेली, बाकीच्या महिन्यांत वर्षाचं कमवायचं. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही म्हणून तर आम्ही पर्यटनात आलो. रात्रभर ट्रॉलर किनाऱ्याजवळ घरघरतात, मोठ्या जाळ्याने मासळीच्या थव्याला वेढा घालणारे पर्ससीनवाले येतात, त्यांना कोण विचारतं? आमचं नऊ अश्वशक्तीचं इंजिन तेवढं डोळ्यांवर येतं. आणि डॉल्फिन रोज त्याच जागी दिसतात. त्रास असता तर निघून गेले नसते?

आकडेमोड:
व्हेलचं उदाहरण इथे लावणं मला पटत नाही. राइट व्हेल खालच्या पट्टीत बोलतात, मोठ्या जहाजांचा आवाजही त्याच पट्टीतला. डॉल्फिनची शीळ बरीच वरची, होडीचं इंजिनही वेगळं. शिवाय तो प्रसंग एकदाच घडलेला, नमुने थोडे. कळकळ समजते, पण नियम करायला इथल्या पाण्यातलं मोजमाप हवं.

खाडीकाठ:
आकडेमोड, बरोबर आहे. व्हेलवरून डॉल्फिनचा ताण मोजता येणार नाही. मग डॉल्फिनचंच घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे डॉल्फिन दाखवणारे व्यावसायिक एकाचे दोन झाले आणि त्या भागातले डॉल्फिन कमी होत गेले. शेजारच्या, पर्यटन नसलेल्या भागात तशी घट दिसली नाही. २००६ साली हा अभ्यास आला, सरकारने परवाने दोनाचे एक केले. दर्यावर्दी, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आहे. जे बुजरे होते ते आधीच निघून गेले असणार. मागे राहिलेले सोसणारे. ते दिसतात म्हणून सगळं ठीक आहे असं नाही.

जाळंवाला:
आम्हाला विचाराल तर डॉल्फिन बुजरा वगैरे काही नाही. जाळ्यात मासळी अडकली की तोच येऊन जाळं फाडतो. नवं जाळं काय भावाला पडतं ते शहरातल्या माणसाला नाही कळायचं. त्याच्या ताणाची चर्चा करा, आमच्या ताणाचीही करा.

खाडीकाठ:
तुमचं नुकसान खरंच आहे, भरपाई मिळायला हवी असं मलाही वाटतं. पण तो जाळ्याकडे येतो हाही वागणुकीतला बदलच ना? फुकटचा घास आहे तिथे जीव धोका पत्करतो. मग जाळ्यात गुरफटून मरतो तोही तोच.

दर्यावर्दी:
शार्क बेचं मला माहीत नव्हतं. एक सांगतो. गेल्या मोसमात माझं इंजिन खडपाजवळ बंद पडलं. दोरी ओढून ओढून हात दुखले, शेवटी गप्प बसलो. थोड्या वेळाने होडीच्या बाजूलाच ‘फुस्स’ झालं. तिघे होते, एक लहान. वीस मिनिटं तिथेच तरंगत होते. गिऱ्हाईकातल्या म्हाताऱ्या आजी हात जोडून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांचा श्वास मी पहिल्यांदा ऐकला.

पण मी एकटा इंजिन बंद करून थांबलो तर बाकीचे सहाजण पुढे जाणार आणि माझं गिऱ्हाईक ओरडणार, पैसे परत मागणार. सगळ्यांना सारखा नियम असेल तर मी पहिला सही करतो. पुढच्या मोसमाआधी आमची बैठक असते. तुम्ही या आणि हे सगळं तिथे बोला.