चर्चमधील मत्स्यकन्या: जुनी देवी की पाद्र्यांचा धडा?

ब्रिस्टलवासी:
मागच्या आठवड्यात इथे एका सदस्याने असे लिहिले की, मध्ययुगीन युरोपातील चर्चमध्ये जिथे जिथे मत्स्यकन्या कोरलेली दिसते, तिथे तिथे कारागिरांनी जुन्या मातृदेवीची पूजा पाद्र्यांच्या नाकावर टिच्चून जिवंत ठेवली आहे. त्या लिखाणावर कौतुकाचा वर्षाव झाला, पुरावा मात्र एकानेही मागितला नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर.

डरहॅमच्या किल्ल्यातील चॅपेलमध्ये एका खांबाच्या माथ्यावर 1080च्या सुमाराची मत्स्यकन्या आहे. इंग्लंड नुकतेच जिंकलेल्या नॉर्मन सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या वापरासाठी ते चॅपेल बांधले. तिथे चोरून देवी कोण पूजणार होते? उलट चर्चचे स्वतःचे ग्रंथ याबाबत पुरेसे बोलके आहेत. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर सायरनला, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या ग्रीक कथांतल्या बाईला, पंख आणि नखे देतो आणि लगेच सांगतो की, या खरे तर वाटसरूंना कंगाल करणाऱ्या वेश्या होत्या. पुढे पंख गेले आणि माशाची शेपटी आली, पण गोड गळ्याने माणसाला बुडवणारा मोह हा अर्थ टिकला. हातातला आरसा आणि कंगवा याच अर्थाला धरून आहेत. ही देवी नाही, हा धडा आहे, आणि तो भाविकांना नीट दिसावा अशाच बेताने कोरलेला आहे.

उत्तरा:
देवीचा पुरावा नाही हे मला मान्य आहे, पण तुमचा ‘धडा’ तुम्ही ज्या सहजतेने मांडता त्याचा मला राग येतो. हातात आरसा आणि कंगवा असलेली बाई म्हणजे पाप, हे कोणी ठरवले? केस मोकळे सोडून आले म्हणून मला शाळेत सगळ्या वर्गासमोर उभे केले होते आणि ‘हे नखरे कोणासाठी?’ असे विचारले होते. तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी इसिडोर वाचला नव्हता, तरी त्यांचा न्याय त्याच जातीचा होता. पाद्र्यांनी लिहून ठेवलेला अर्थ तोच एक अर्थ, असे म्हणताना आपण त्यांच्याच बाकावर जाऊन बसतो, एवढे तरी लक्षात घ्या.

पाथरवट:
दोघेही ग्रंथांपासून सुरुवात करता, हाताचा विचार कोणीच करत नाही. माझे आजोबा देवळांच्या जीर्णोद्धाराची कामे घेत. मुख्य मूर्ती कशी हवी ते गावकरी सांगत; खांबाच्या माथ्यावर काय असावे ते बहुधा आजोबाच ठरवत आणि हाताला बसलेली आकृती जागेच्या मापात बसवत. इटलीतील पावियाच्या सान मिकेले चर्चमधली दोन शेपट्यांची मत्स्यकन्या पाहा. दोन हातांत दोन शेपट्या, त्या दोन्ही बाजूंना वर वळलेल्या. माथ्याचे दोन्ही कोपरे भरले आणि तोलही साधला. कारागिराला आणखी काय हवे?

आणि सगळाच धडा होता, तर तो खुद्द क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख असलेल्या संत बर्नार्डला का कळला नाही? 1125च्या सुमारास तो मठांच्या ओवऱ्यांतील अशा चित्रविचित्र प्राण्यांवर संतापून विचारतो की, हे इथे कशासाठी? भिक्षू पोथी सोडून संगमरवर वाचत बसतील, अशी त्याची तक्रार आहे. याचा मूर्खपणा जाणवत नसेल तर निदान खर्चाची तरी लाज वाटू द्या, असेही तो सुनावतो.

ब्रिस्टलवासी:
बर्नार्डचा मुद्दा वजनदार आहे, नाही म्हणत नाही. पण तुमचे कोपऱ्यांचे गणित इटलीतल्या ओत्रांतोला लागू पडत नाही. तिथल्या कॅथेड्रलच्या फरशीवर पँतालेओने नावाच्या मठवाशाने 1163 ते 1165 या काळात मोझेइक, म्हणजे रंगीत तुकड्यांचे चित्र, घडवले, त्यातही दोन शेपट्यांची मत्स्यकन्या आहे. सपाट फरशीला कुठले आले कोपरे?

पाथरवट:
ती वर्तुळात बसवलेली आहे. वर्तुळही भरावे लागतेच. ज्याने कधी छिन्नी धरली नाही, त्याला हे सांगून पटणार नाही.

मीठबाव:
तुम्ही सगळे दगडात आणि पोथीत अडकलात. समुद्रावर जगणारी माणसे कोणाच्याच लक्षात नाहीत. कॉर्नवॉलमधील झेनॉरच्या चर्चमध्ये बाकाच्या कडेच्या फळीवर मत्स्यकन्या आहे आणि तिची कथा गावात पक्की आहे. एक सुंदर अनोळखी बाई वर्षानुवर्षे चर्चमध्ये येई आणि तिचे वय वाढत नसे. गाण्यात सर्वांत तरबेज असलेला मॅथ्यू ट्रेव्हेला तिच्यामागे गेला आणि दोघेही पेंडूरच्या खाडीत नाहीसे झाले. पुढे त्या भागात एका जहाजाने नांगर टाकला, तेव्हा तीच वर येऊन म्हणाली की, नांगर उचला, माझ्या घराचे दार अडले आहे. गावाने आपली आठवण बाकावर कोरून ठेवली; यात पाप आणि धडा कुठे आहे?

ब्रिस्टलवासी:
ही कथा विल्यम बॉट्रेलने 1873 मध्ये छापली. कोरीवकाम पंधराव्या शतकातले आहे. मधली चारशे वर्षे कथेचा मागमूस नाही. लोकांनी आधी बाक पाहिला आणि मग त्याला साजेशी गोष्ट रचली, हे उघड आहे.

मीठबाव:
उघड कसे? छापली त्या दिवशी गोष्ट जन्मली, असे म्हणणे हा शिकलेल्यांचा उद्धटपणा आहे. मी मालवणच्या किनाऱ्यावर वाढलो. होडी परतली नाही ती रात्र तिथे कोणी कागदावर लिहून ठेवत नाही, पण तीन पिढ्यांनंतरही ती घरोघर सांगितली जाते. तुमच्या हिशेबात आम्ही बहुधा घडलोच नाही.

ब्रिस्टलवासी:
किनाऱ्यावरचे दुःख मी नाकारलेले नाही. ते माझ्या तोंडी घालू नका. मी फक्त एवढेच म्हणतो की, त्या दुःखावरून बाकाचा काळ ठरत नाही. शिवाय आयर्लंडमधील क्लॉनफर्टच्या कॅथेड्रलमध्ये, वेदीकडे जाणाऱ्या कमानीवर, हीच आरसा-कंगव्याची मत्स्यकन्या पंधराव्या शतकात कोरली आहे आणि ते गाव समुद्रापासून दूर, शॅनन नदीच्या अंगाला आहे. इंग्लंडमधील लडलो तर त्याहून आतले. तिथल्या चर्चमध्ये ती पुरोहितांच्या दुमडत्या आसनाखाली आहे. कोणाचा ट्रेव्हेला तिथे बुडाला?

उत्तरा:
मग भाविकांना नीट दिसावा असा तुमचा धडा आसनाखाली काय करतो, याचे उत्तर आधी द्या.

झेनॉरचा तो बाक मी जवळून पाहिला आहे. लाकूड काळपट पडले आहे, चेहरा झिजून जवळजवळ सपाट झाला आहे, तरी शेपटीवरचे खवले बोटांना लागतात. तिथे उभी असताना मला आठवले ते कॉर्निश भाषेतले चौदाव्या शतकातले येशूच्या दुःखभोगाचे नाटक, ऑर्डिनालिया या धार्मिक नाट्यमालेतले. येशू एकाच वेळी देव आणि माणूस कसा, हा वाद त्यात येतो आणि एक पात्र उत्तर देते की, मत्स्यकन्येकडे पाहा, ती अर्धी मासा आणि अर्धी माणूस आहे ना? त्याच कॉर्नवॉलमध्ये, बाकाच्या आधीच्या पिढ्यांत, धर्माच्या रंगभूमीवर ती येशूच्या दोन स्वभावांचा दाखला होती. तुमची वेश्या इथे कशी बसवता?

ब्रिस्टलवासी:
आसनाखालची जागा माझ्या विरोधात जाते आणि नाटकाचा दाखलाही जातो, हे नाइलाजाने मान्य करतो. ‘फक्त मोह’ हा माझा आग्रह कॉर्नवॉलपुरता मागे घेतो. डरहॅम आणि ओत्रांतोपुरता नाही, कारण ते नाटक तिथले नाही आणि त्या काळचेही नाही.

मीठबाव:
म्हणजे नाटकाने सांगितले ते मान्य आणि गावाने सांगितले ते अमान्य.

ब्रिस्टलवासी:
नाटक बाकाच्या आधीचे आहे म्हणून मान्य. तुमच्या कथेचा 1873पूर्वीचा एक जरी उल्लेख मिळाला, तर तीही मान्य करीन. देवीच्या बाजूने तर कोणी अजून एखादे ठिकाण आणि सालसुद्धा दिलेले नाही. तोवर माझा नकार कायम आहे.