युद्ध चालू असताना लिहिलेल्या कविता, वाचनाच्या कार्यक्रमासाठी काय घ्यावं?

वाचनकट्टा_सातारा
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयात नोव्हेंबरमध्ये एक संध्याकाळ युद्धकाळातल्या कवितांची करायचीय. जवळच आपशिंगे आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आजही घरटी कुणीतरी फौजेत असतंच, त्यामुळे ऐकायला रिटायर्ड सुभेदार, त्यांच्या घरच्या बायका आणि कॉलेजची पोरं असे सगळेच येणार. कमिटीतल्या काहींचं म्हणणं पोवाडे घ्या, ६२ च्या वेळची वीररसाची गाणी घ्या, लोकांना पाठ आहेत. ती मलाही आवडतात पण ती लिहिणारे बहुतेक जण आघाडीपासून लांब, घरी बसलेले होते. मला हवंय ते खंदकात असलेल्या माणसानं, किंवा वेढा पडलेल्या शहरातल्या बाईनं त्याच दिवसांत लिहिलेलं. देश कुठलाही चालेल, फक्त मराठीतून नीट पोचलं पाहिजे. आणि एक धास्ती आहे, फौजी माणसांसमोर युद्धाच्या विरोधातलं काही वाचलं तर त्यांना ते लागेल का?

खडू_आणि_फळा
पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन, त्याच्यापासून सुरुवात करा, पण त्याची कविता वाचायच्या आधी त्याच्या आईचं पत्र सांगा. १९१८ च्या उन्हाळ्यात शेवटचा फ्रान्सला निघताना ओवेननं आईला निरोप देताना टागोरांच्या गीतांजलीतल्या ओळी म्हटल्या होत्या, इथून जाताना माझा शेवटचा शब्द हाच असो की जे पाहिलं त्याला तोड नाही, अशा अर्थाच्या. ४ नोव्हेंबरला कालवा ओलांडायच्या लढाईत तो गेला आणि घरी तार आली ११ नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या दिवशी, गावात चर्चच्या घंटा वाजत असताना. पुढे त्याची खिशातली वही घरी आली तर तिच्यात त्याच्या अक्षरात त्याच ओळी आणि खाली टागोरांचं नाव. १९२० मध्ये आईनं टागोरांना पत्र लिहून विचारलं की ही पूर्ण कविता कुठल्या पुस्तकात मिळेल. तुमच्या हॉलमधल्या कुठल्याही आईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.
मग त्याची विषारी वायूवरची कविता घ्या, १९१७ मध्ये एडिंबराजवळच्या लष्करी हॉस्पिटलात त्यानं ती लिहायला घेतली, तिथं तो शेलशॉकमुळे, म्हणजे लढाईच्या मानसिक धक्क्यामुळे दाखल होता आणि तिथंच त्याला दुसरा सैनिक-कवी सीगफ्रीड ससून भेटला. तिच्या एका कच्च्या खर्ड्यावर त्यानं जेसी पोप हे नाव घातलं होतं, ही बाई पेपरात तरुणांना भरतीला चला म्हणून पद्यं लिहायची. म्हणजे तुमच्या कमिटीतला वाद तेव्हाही होताच. हयातीत त्याच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या, पुस्तक आलं ते मेल्यावर, १९२० ला.

नर्मदाकाठ
सरांचं बरोबर आहे पण युद्धाची कविता म्हटलं की आपण लगेच खंदकातच जातो, घरी राहिलेल्यांचं काय. रशियातल्या लेनिनग्राडला जर्मनांनी घातलेला वेढा सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४, पहिल्या हिवाळ्यात साध्या नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा आणि त्यातही भुसा वगैरे मिसळलेला. त्या शहरात ओल्गा बेर्गोल्त्स रेडिओवर कविता वाचायची, बोलायची. जानेवारी १९४२ मध्ये तिचा नवरा गेला, आणि त्यानंतर महिन्याभरातच तिनं फेब्रुवारीची डायरी म्हणून दीर्घ कविता लिहिली. कार्यक्रम नसेल तेव्हा रेडिओवर नुसता मेट्रोनोम, म्हणजे एका लयीत टकटक करणारं यंत्र, चालू ठेवायचे, ठोके संथ असले तर सगळं ठीक, भरभर पडायला लागले की हवाई हल्ला, म्हणजे शहर अजून जिवंत आहे हे लोकांना त्या ठोक्यांवरनं कळायचं आणि मधेच तिचा आवाज यायचा. तुम्ही हॉलमध्ये लाइट घालवून मिनिटभर तो ठोका ऐकवा आणि मग तिची कविता वाचा, वाचणारी बाईच असू दे. एक मात्र नक्की सांगा, याच सोव्हिएत सरकारनं १९३८ ला तिला तुरुंगात टाकलं होतं, तिथं तिचं पोटातलं बाळ गेलं होतं. तरी ती शहर सोडून गेली नाही. ती सरकारसाठी बोलत नव्हती, शेजारणींसाठी बोलत होती असं मला तिला वाचताना कायम वाटतं.
रशियन कवी सिमोनोवची "माझी वाट पाहा" पण घ्या, १९४१ ची, पेपरात छापून आल्यावर सैनिकांनी ती कापून खिशात ठेवली, पत्रात उतरवून बायकोला पाठवली. ऐकायला अगदी सोपी आहे.

जुना_फौजी
मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालोय. तुमच्या धास्तीबद्दल सांगतो. फौजी माणसाला दुःखाची कविता लागत नाही, न जाता शिकवलेलं लागतं. ज्यानं स्वतः सोसलंय त्यानं काहीही लिहू दे, आम्ही ऐकतो.
उंगारेट्टी म्हणून इटलीचा कवी होता, पहिल्या महायुद्धात साधा शिपाई. मला त्याच्यापर्यंत आणलं ते आमच्या रेजिमेंटनं, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघांनाही दुसऱ्या महायुद्धात इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर, म्हणून त्या देशाचं वाचत गेलो. उंगारेट्टीची एक कविता २३ डिसेंबर १९१५ ची आहे. रात्रभर तो मेलेल्या सोबत्याला चिकटून पडलाय, त्या सोबत्याचे दात चंद्राकडे विचकलेले, हात सुजलेले, आणि हा म्हणतो की मी त्या रात्री प्रेमानं भरलेली पत्रं लिहिली, जगण्याला इतका घट्ट कधीच धरून नव्हतो. बास, एवढंच. यात कुणाला शिव्या नाहीत की जयजयकार नाही. असल्या रात्रीबद्दल घरी कुणी बोलत नाही, आमच्यातली कैक माणसं न बोलताच गेली. ही मला वाचायला द्या, मी येतो साताऱ्याला.

वाचनकट्टा_सातारा
काका, तुम्ही याच, येण्याजाण्याची सोय आम्ही करतो. खडू सर, नर्मदाताई, सगळं उतरवून घेतलंय. आता आपल्याकडच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात गेलेल्या हिंदुस्थानी शिपायांचं काही आहे का? आपशिंग्याची माणसं पहिला प्रश्न हाच विचारतील.

पाटी_पेन्सिल
आहे, पण छापील कवितासंग्रहात शोधू नका. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं, पत्रं दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचे आणि ती सेन्सॉरच्या हाताखालनं जायची. म्हणून ते आडून बोलायचे, काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे, आणि काळी मिरी संपत आली असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं.
दुसरं म्हणजे जर्मनीत वुन्सडॉर्फला युद्धकैद्यांची छावणी होती, तिथं जर्मन संशोधकांनी कैद्यांचे आवाज रेकॉर्ड केले, ते बर्लिनला अजून जपलेले आहेत. डिसेंबर १९१६ चं मल्ल सिंग या शिपायाचं रेकॉर्डिंग आहे. तो स्वतःबद्दल मी म्हणतच नाही. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा, तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनीनं त्याला पकडलं, त्याला हिंदुस्थानात जायचंय, देवानं दया केली तर लवकर तह होईल, असं सांगत जातो. कविता म्हणून बोललेला नाही तो, पण मला ती त्या युद्धातली मोठी कविता वाटते. आधी मराठीत वाचा, मग जमलं तर त्याचा आवाज ऐकवा.
आणि आपशिंग्यातल्या म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या विचारा. लढाईवर गेलेल्या भावाची, लेकाची ओवी कुणाच्या आजीकडनं आलेली असेल तर ती आत्ताच रेकॉर्ड करून घ्या, कार्यक्रमाची वाट बघू नका.

दूरदेशी
उशिरा आलो पण राद्नोती राहायला नको. मिक्लोश राद्नोती, हंगेरीचा ज्यू कवी, त्याला सर्बियात बोरच्या तांब्याच्या खाणीवर वेठबिगारीला नेलं होतं. १९४४ च्या शरदात कैद्यांना पायी हंगेरीकडे हाकलत नेलं, नोव्हेंबरमध्ये अब्दा गावाजवळ गोळ्या घालून सामुदायिक खड्ड्यात पुरलं. १९४६ मध्ये खड्डा उकरला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात एक लहान वही निघाली, तिच्यात पेन्सिलीनं लिहिलेल्या कविता, आणि सुरुवातीलाच पाच भाषांत विनंती, की ही वही एका हंगेरियन कवीची आहे, सापडली तर अमुक पत्त्यावर पोचवा. शेवटची कविता ३१ ऑक्टोबरची आहे. शेजारच्या कैद्याला मानेत गोळी घातली, तो व्हायोलिन वाजवणारा होता, आणि हा स्वतःला सांगतोय की तुझाही शेवट असाच, मुकाट पडून राहा. छावणीत आणि चालता चालता लिहिलंय हे सगळं, आणि ते कुणीतरी वाचेल म्हणून पत्ता घालून ठेवलाय. या माणसाचा धीर मला आजही झेपत नाही.
मी इंग्रजीवरनं शेवटच्या चार छोट्या कवितांचं मराठी केलेलं आहे. कॉलेजच्या पोरांपैकी कुणाला तरी वाचायला द्या, फार आवाज न चढवता. वहीवरच्या विनंतीसकट उद्या मेसेजमध्ये पाठवतो.