एस्टेट सेलमधून घराचं सामान घ्यायचंय, कसं जायचं, काय बघायचं?

रानजाई:
कोलंबसजवळ (ओहायो) घर घेतलंय, सगळ्या खोल्या रिकाम्या आहेत, अपार्टमेंटमधलं सामान एका खोलीतच मावलं. नवीन डायनिंग टेबल बघायला गेलो तर किमती अशक्य आणि वर ते सगळं दाबलेल्या भुश्शाचं. ऑफिसमधली एक जण म्हणाली एस्टेट सेलला जा (घर रिकामं करताना आतलं सगळं सामान तिथेच विकायला काढतात तो सेल), म्हणून आता रोज रात्री फोटो बघत बसते. मला टेबल, पुस्तकांचं कपाट, भाकरीला जाड लोखंडी तवा आणि जमलं तर क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग) हवाय (डिसेंबरमध्ये बाळ येतंय). सकाळी नंबर घ्यावे लागतात म्हणे, ते कसं असतं? आणि आई फोनवर म्हणाली गेलेल्या माणसाच्या घरातलं काही आणू नकोस, तिथे मन जरा अडतंय. तुम्ही लोक काय करता?

कोलंबसकर:
अभिनंदन! बहुतेक सेल गुरुवार-शुक्रवारी सुरू होतात आणि शनिवार-रविवारी संपतात. फोटो आधी टाकतात पण नेमका पत्ता बऱ्याचदा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी कळतो. घर लहान असतं म्हणून एका वेळी ठरावीक लोकच आत सोडतात, त्यासाठी दार उघडायच्या तास-दोन तास आधी नंबर वाटतात. काही ठिकाणी लोक स्वतःच कागद लावून नावं लिहितात, पण सेलवाले तो कागद मानतीलच असं नाही, त्यामुळे जाहिरातीत नियम नीट वाच. पहिल्या दिवशी चिठ्ठीवरचीच किंमत, दुसऱ्या दिवशी थोडी कमी आणि शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी निम्मी. सेल चालवणाऱ्या कंपनीला विक्रीवर कमिशन मिळतं, म्हणून पहिल्या सकाळी ते घासाघीस ऐकून घेत नाहीत, दुपारनंतर तीन-चार वस्तू एकत्र घेऊन एक आकडा विचारलास तर ऐकतात. माझं मत, जे हवंच आहे ते पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला घे. मोठी टेबलं आणि काचेची कपाटं मात्र शेवटपर्यंत पडून असतात कारण हल्ली ती कोणाला नको असतात, त्यासाठी रविवारी जा. रोख पैसे, टेप, टॉर्च आणि घराच्या दारांची मापं बरोबर ठेव.

सुतारपक्षी:
टेबल, कपाट घेताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून बघायचा. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत बसवलेले दिसले तर काम चांगलं, नुसते स्टेपल मारलेले असतील तर सोडून दे. ड्रेक्सेल, हेन्रेडन, ईथन ॲलन अशा चांगल्या फर्निचर कंपन्यांचे शिक्के ड्रॉवरच्या आत किंवा मागच्या फळीवर असतात. वरचे ओरखडे, पाण्याचे गोल डाग यांना घाबरू नकोस, भरीव लाकूड असेल तर घासून पॉलिश होतं, व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असेल तर मात्र जपून. गादी आणि कापडी सोफा मी फुकट दिला तरी आणत नाही, शिवणीत काळे ठिपके म्हणजे बेडबग (ढेकूण) आणि ते एकदा घरात आले की फार मनस्ताप होतो.

आता तवा, हा माझा आवडता विषय. ग्रिसवोल्ड किंवा वॅगनर या जुन्या कंपन्यांचा बिडाचा तवा मिळाला तर घेच, ग्रिसवोल्डचा एरीमधला (पेन्सिल्व्हेनिया) कारखाना १९५७ मध्ये बंद झाला. त्या काळचं बीड आतून घासून गुळगुळीत केलेलं असायचं, वजनालाही हलकं, भाकरी झकास सुटते. गोल ग्रिडल (सपाट तवा) शोध, त्याला काठ अगदी कमी असतो म्हणून उलथणं सहज आत जातं. सपाट ओट्यावर ठेवून कडा दाबून बघ, डुगडुगला तर बूड वाकलंय, काचेच्या शेगडीवर तो नीट तापणार नाही. गंज असेल तर चालेल, निघतो. तडा नको. आणि गॅरेजमध्ये, मासेमारीच्या सामानाजवळ ठेवलेलं भांडं घेऊ नकोस, काही लोक गळाची वजनं ओतायला अशा भांड्यांत शिसं वितळवायचे. बाळ येणार आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. त्याच कारणाने रंगीत नक्षीच्या जुन्या काचेच्या वाडग्यांत खायचं ठेवू नकोस, त्या रंगात शिसं असू शकतं, शोकेसला ठीक. १९७८ च्या आधीचं रंगवलेलं फर्निचरही तूर्तास नको.

आजीचीगोधडी:
क्रिब जुना घेऊ नकोस गं. बाजू खाली सरकणारे क्रिब २०११ पासून इथे विकायलाच बंदी आहे कारण त्यात बाळं अडकून दगावली, पण जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. क्रिब आणि कार सीट नवीनच घ्या, पैसे वाचवायला बाकी सगळं घर आहे.

आईंचं म्हणणं मी समजू शकते, माझ्या सासूबाईंचंही तेच होतं. पण प्रत्येक सेल कोणी गेलं म्हणून नसतो, कितीतरी लोक असिस्टेड लिव्हिंगला (वयस्करांची काळजी घेणाऱ्या निवासात) किंवा मुलांकडे राहायला जातात आणि चाळीस वर्षांचं घर रिकामं करावं लागतं. आणि जिथे माणूस गेलेलं असतं तिथे घरच्यांनी हवं ते आधीच नेलेलं असतं, उरलेल्यातलं जे विकलं जात नाही ते काही दान होतं आणि बरंचसं कचऱ्याच्या डम्पस्टरमध्ये जातं. मी जुनं सिंगर मशीन आणलं तेव्हा त्याच्या खणात त्या बाईंच्या हातची मापं लिहिलेला कागद होता, सासूबाईंनी तो वाचून घेतला आणि स्वतः मशीनला हळदकुंकू लावलं. आता गोधड्या त्याच शिवतात त्यावर. एक मात्र पाळ, खणात कुटुंबाचे फोटो, पत्रं सापडली तर काउंटरवर नेऊन दे, घरचे कधीकधी तेच शोधत असतात.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, आईला हे वाचून दाखवते. क्रिब यादीतून काढला. शनिवारी एक सेल आहे, फोटोत अक्रोडाचं टेबल आणि सहा खुर्च्या दिसतायत. टेबल घेतलं तर न्यायचं कसं, आमची गाडी लहान आहे?

कोलंबसकर:
बऱ्याच ठिकाणी टेबलावरची किमतीची चिठ्ठी काढून काउंटरला न्यायची असते, चिठ्ठी ज्याच्या हातात टेबल त्याचं, पण तिथला नियम आधी विचार. पैसे भरले की ते सोल्ड लिहितात आणि न्यायची वेळ देतात, ती बहुतेक सेल संपेपर्यंतच असते, नंतर दार बंद. तासावर मिळणारा ट्रक घे. उचलायला माणसं सेलवाले बहुतेक देत नाहीत, दोघं जण घेऊन जा, तू या दिवसांत काही उचलू नकोस. पाय सुटे होतात का ते तिथेच बघ आणि स्क्रू पिशवीत घालून टेबलाच्या खाली चिकटवून टाक. शनिवारी मी मोकळा आहे, सेल इथल्या डब्लिन उपनगराच्या बाजूला असेल तर मेसेज कर.