मदत हवी आहे: घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) ट्रेलरला लागतोय, पण हँडल आत जात नाही

नवा_घोडेवाला: तातडीचं आहे. सकाळपासून चार वेळा रिव्हर्स मारला. ट्रेलरची पिन आत शिरते, पण टर्नटेबलचं (घोड्यावर ट्रेलर अडकवायची तबकडी) हँडल चार बोटं बाहेरच राहतं. द्रोणागिरीच्या यार्डात उभा आहे, दुपारी पोर्टचा टाइम आहे. ट्रेलर खाली आहे. हातोडा मारून हँडल ढकलू का?

वडाळ्याचा_मिस्त्री: हातोडा ठेव बाजूला. हँडल बाहेर म्हणजे पिन धरणारा जबडा बंद झालेला नाही. आधी सांग, "खाली" म्हणजे रिकामा की खाली बसलाय?

नवा_घोडेवाला: रिकामा हो. हे पण सांगायचं?

ग्रीस_बाबा: ग्रीस सुकलं असणार. जुनं खरवडून काढ, डिझेलने धू, नवं लाव. माझ्या तीस वर्षांत दहापैकी नऊ वेळा हेच.

कळंबोली७: एकदा जोरात धडक द्या, आपोआप बसतं. आम्ही असंच करतो.

वडाळ्याचा_मिस्त्री: म्हणूनच तुमचे जबडे फुटतात. पोरा, पिन दोन इंची की साडेतीन? आणि हा ट्रेलर याच घोड्याने सोडला होता का?

नवा_घोडेवाला: पिन दोन इंची, टर्नटेबल पण दोनचंच. ट्रेलर काल शेठच्या दुसऱ्या गाडीने सोडला, ती जरा उंच आहे. त्याने काय फरक पडतो?

वडाळ्याचा_मिस्त्री: तिथेच घोळ आहे. टॉर्च घेऊन वाक आणि टर्नटेबलच्या पाटावर ट्रेलरची प्लेट टेकली आहे का बघ. इंजिन बंद, हँडब्रेक वर, आणि क्लीनरला मध्ये उभा करू नकोस.

नवा_घोडेवाला: दोन बोटं फट आहे. पलीकडचा उजेड दिसतोय.

उरण_लोकल: करळ फाट्याला आज मरणाची गर्दी आहे, टाइम विसरा.

वडाळ्याचा_मिस्त्री: ट्रेलर उंच राहिलाय. पिन जबड्यात नीट उतरलेलीच नाही. असाच निघालास तर पहिल्या वळणाला ट्रेलर रस्त्यावर. ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेत ना? मग ट्रेलरचा ब्रेक लॉक कर, हँडल ओढ, घोडा पुढे काढ. पायाचा क्रँक फिरवून ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली घे. घोडा मागे येताना प्लेट टर्नटेबलच्या उतारावर टेकून ट्रेलर किंचित उचलला गेला पाहिजे.

ग्रीस_बाबा: पण ग्रीसही बघ म्हणतो मी.

ताई_ट्रान्सपोर्टवाली: फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना? आमचा ड्रायव्हर नेहमी टोलवर अडकतो.

नवा_घोडेवाला: नाक खाली घेतलं, हळू मागे आलो. कट्ट आवाज आला, हँडल आत. आता निघू?

वडाळ्याचा_मिस्त्री: आवाजावर जाऊ नकोस. फट गेली का, जबडा पिनच्या मागून बंद झालाय का, टॉर्चने बघ. मग ट्रेलरचा ब्रेक लॉक ठेवून पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढ. घोडा अडला पाहिजे, ट्रेलर जागचा हलता कामा नये. हे झाल्यावरच पाय वर.

कळंबोली७: एवढं कोण करतं रोज?

वडाळ्याचा_मिस्त्री: ज्याने एकदा ट्रेलर सुटताना पाहिलाय तो.

नवा_घोडेवाला: फट नाही. ओढून पाहिलं, धरतंय. पाय वर घेतले. पण ट्रेलरला हवा देणारा लाल पाइप सूंऽऽ करतोय.

ग्रीस_बाबा: त्याला ग्रीस नको. कपलिंगचा रबर बदल.