अनुभव धागा: मुलांचं विज्ञान प्रदर्शन, विमान आणि घरच्यांची तारांबळ

ओझरची_माहेरवाशीण
दिवाळी होऊन गेली तरी आमचा माळा आवरायचा राहिला होता. आज वर चढले तर साडीच्या खोक्यातून थर्मोकोलचं विमान निघालं. एक पंख तुटका, नाकावर दगडासारखं काहीतरी. "हे काय?" नवऱ्याने खालून विचारलं. मी शिडीवरच हसत सुटले. ती कणीक आहे!

मुलगा तिसरीत होता, शाळेने विषय दिला 'उड्डाण'. मला वाटलं तासाभराचं काम. पण माझे अप्पा एचएएलमधले, म्हणजे विमान कारखान्यातले. १९६४ ला ओझरला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला, त्यानंतर काही वर्षांनी अप्पा लागले आणि रिटायर होईपर्यंत रिव्हेट मारले. त्यांना विमान कर म्हणणं म्हणजे गवयाला 'गुणगुणा जरा' म्हणण्यासारखं. आधी ग्राफपेपर आला. मग बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर. नातू बाजूला बसून बोटांवरचं वाळलेलं फेविकॉल सोलत होता, त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

तिसऱ्या दिवशी गच्चीत उडवलं. नाक वर, क्षणभर हवेत उभं, आणि शेपटीवर धप्प. पुन्हा तेच. अप्पा म्हणाले शेपटी जड झालीय, तोल मागे गेलाय. ते वजन शोधायला खाली गेले तेवढ्यात पोराने माझ्या परातीतून कणकेचा गोळा उचलून नाकावर थापला. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सरळ गेलं हो!

प्रदर्शनात परत नाक वर आणि धप्प. परीक्षक बाई "छान छान" म्हणत पुढे निघाल्या तर हा मागून ओरडला, "बाई थांबा, काल कणीक ओली होती! रात्रीत वाळली, पाणी गेलं, म्हणून नाक हलकं झालं." नंबर आला नाही. पण अप्पा गेले तोवर घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावं लागायचं.

तुमचे किस्से टाका. मला माळा आवरायचा नाहीये.

सिडकोकर
कणीक 😂😂 मुंग्या नाही लागल्या?

ओझरची_माहेरवाशीण
लागल्या ना. प्रवासी म्हणाला त्यांना.

निफाडचा_द्राक्षवाला
आमचा बलून. ड्रायक्लीनवाल्याची पातळ पिशवी, खालून तारेची रिंग, हेअर ड्रायरची गरम हवा. पहाटे साडेपाचला बागेत ट्रायल घेतली. डिसेंबरातलं निफाड तुम्हाला माहीतच आहे, पारा पाच-सहावर, आम्ही द्राक्षांसाठी शेकोट्या पेटवून बसलेलो. बलून असा सुटला की पोरगी मागे पळत शेजाऱ्याच्या बांधावर. दुपारी एक वाजता पत्र्याच्या हॉलमध्ये, दोनशे पालकांच्या गर्दीत, बलून जागचा हलेना. बाहेर गार असेल तरच आतली गरम हवा हलकी पडते, हे मला शेतकरी असून त्या दिवशी कळलं. हॉलच एवढा तापलेला, फरक राहणार कुठून.

आणि तिला १७८३ ची गोष्ट कोणीतरी सांगितली होती, फ्रान्सच्या राजासमोर बलूनमधून मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवला ती. तेव्हापासून एकच प्रश्न, बदकाला तर उडता येतं मग त्याला कशाला नेलं? मला नाही सांगता आलं.

खडूवाला
मुलगी हुशार आहे. बदक वर उडतंच, म्हणजे त्याला काही झालं तर दोष उंचीचा नाही, बलूनचा. मेंढी माणसाच्या जागी. कोंबडा पक्षी आहे पण उंच जात नाही. तिघेही जिवंत उतरले.

ता.क. पालकांनो, एक विनंती. चार्टवर 'पंखावरच्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून ती पळत जाऊन खालच्या हवेला गाठते' असं लिहू नका. वरची हवा वेगात जाते हे खरं, पण ती खालचीला भेटायला जात नाही, उलट आधीच पोचते. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते, एवढं चौथीच्या पोराला पुरे. चालत्या गाडीच्या खिडकीतून तळहात तिरका धरायला सांगा (मागून ट्रक येत नाही ना बघून). कुकर झाला, येतो.

गंगापूररोड_आजोबा
१८९५ ला चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं ते चार्टवर का नाही लिहीत कोणी?

खडूवाला
काका, त्या वेळचा भरवशाचा पुरावा हाती लागत नाही म्हणून. राईट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं उड्डाण फोटोसकट आहे. १२ सेकंद, १२० फूट.

सिडकोकर
१२० फूट म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंग. तेवढं तर माझी स्कूटी ब्रेक लागेपर्यंत जाते.

घाईत_आई
सगळ्यांचे किस्से छान पण मला परवा द्यायचंय 🙏 मेनरोडला रेडिमेड विमानाचं मॉडेल कुठे मिळेल? थर्मोकोल चालणार नाही म्हणालेत.

येवल्याची_लेक
रेडिमेड कशाला? पतंग न्या. मी भाच्याला तोच दिला होता, आसारीसकट. (आसारी म्हणजे तुमची फिरकी. येवल्यात फिरकी म्हणालात तर हसतील.) आमच्या भावाने हॉलमध्ये टेबलफॅन लावला आणि कन्नीची (पतंगाला बांधलेल्या दोऱ्याची) गाठ वर-खाली सरकवून दाखवली. गाठ वर घेतली की पतंग आडवा पडतो, जोराच्या वाऱ्यात तसाच हवा, खाली घेतली की छाती काढून उभा. पोरं रांगा लावून बघत होती. शेवटी भावाला राहवलं नाही, परीक्षकांसमोर "गई बोला रे धिन्ना" ओरडला. भाचा आठवडाभर मामाशी बोलला नाही.

निफाडचा_द्राक्षवाला
मांजा साधाच वापरा हो. संक्रांतीनंतर आमच्याकडे नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला नायलॉनात गुंतलेले बगळे दिसतात. बंदी असून.

येवल्याची_लेक
साधाच होता दादा. आमच्याकडे भोगी-संक्रांत-कर तिन्ही दिवस गच्चीवरच जेवण, आई अजून हाताने सुतवलेल्या दोऱ्याशिवाय दुसरा घरात येऊ देत नाही. आता गुळाची पोळी आठवली, निघते.

उपनगरची_सुनबाई
आमच्या घरावरून नाशिकच्या गांधीनगरची आर्मीची हेलिकॉप्टरं सारखी जातात, फोनवर बोलताना दर दहा मिनिटांनी "थांब, हेलिकॉप्टर" म्हणावं लागतं. म्हणून मुलीने भिंगरी केली. कागदाची पट्टी, वर दोन पाती उलट बाजूंना दुमडलेली, खाली यू-पिन. तिसऱ्या मजल्यावरून सोडायची, ती मोबाईलवर सेकंद मोजणार, सासूबाई हिशेबाच्या वहीत लिहिणार. २० लांब पात्यांच्या, २० आखूड. लांबवाल्या सावकाश उतरल्या. दोन पिना लावल्या की दगड. एक खालच्या काकूंच्या धुतलेल्या पैठणीवर, त्यावर वेगळा धागा होईल.

शाळेत परीक्षक म्हणाले "मॉडेल फार छोटं आहे". पहिला नंबर मोटर लावलेल्या फिरत्या विमानाला, ते त्या मुलाच्या बाबांच्या ऑफिसातल्या कोणीतरी केलं होतं हे अख्ख्या वर्गाला माहीत. सासूबाईंनी वही उघडून परीक्षकांच्या नाकासमोर धरली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज वाटतं बरं केलं.

ओझरची_माहेरवाशीण
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

घाईत_आई
सुनबाई, पट्टी किती बाय किती?

उपनगरची_सुनबाई
ए-फोर उभा धरून चार पट्ट्या कर. वरून अर्ध्यापर्यंत मधोमध चिरायचं. बाकी तिला करू दे.

सिडकोकर
ओझरताई, माळा?

ओझरची_माहेरवाशीण
उद्या.

घाईत_आई
आमची १४ वी चालू आहे. मुलगी वरून सोडते, वॉचमनकाका खालून गोळा करून देतात. सुरुवातीला वैतागले होते, आता म्हणतायत पिन जरा वर लावून बघ.